शुभा, जर्सी आली

शुभा,

काल सकाळी खाणीच्या मैदानावर जर्सी आली. तू दोन वर्षं जिची वाट बघितलीस, जिला न बघता शिव्या दिल्यास आणि जिच्यावरून माझ्याशी शेवटचं भांडलीस, ती. एक नाही, दोन आल्या. ट्रेलरवरून उतरवल्या तेव्हा आपले सगळे म्हैसवाले हाताची घडी घालून उभे होते, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसारखे. कुणी पुढे होईना. पुढे व्हायचं काम कायम तुझं असायचं, त्यामुळे बाकी कुणाला त्याची सवयच नव्हती.

तुला जाऊन महिना होत आला. हे लिही असं रामदासने सांगितलं. म्हैसवाल्यांच्या ग्रुपवर टाकू म्हणाला. तुला माहीत असलेल्या गोष्टीही पुन्हा सांगाव्या लागतील, कारण ग्रुपवर अलीकडे आलेली बरीच माणसं आहेत आणि त्यांना तू म्हणजे एक फोटो आणि एक मोठा आवाज एवढीच माहीत आहेस. चालवून घे.

तर म्हैस म्हणजे आपली गाडी. काळी, उंच, चौकोनी, सात जणांची, चारही चाकांना ताकद देणारी. घरची माणसं आणि सामान भरून गावी जायचं, आणि गावात रस्ता संपला तरी पुढे जायचं, यासाठी केलेली. उन्हात कुरकुरते, चिखल दिसला की खूश होते, म्हणून म्हैस. नाव तूच ठेवलंस. कंपनीने तिला नव्या रूपात आणायचं ठरवलं तेव्हा नवीचं बारसंही तूच उरकून टाकलंस. दिसायला देखणी, दूध भरपूर, पण आपल्या उन्हापावसात टिकणार का ते देव जाणे, म्हणून जर्सी. कंपनीने तिला काय नाव दिलंय ते ग्रुपवर आजही निम्म्या लोकांना सांगता येणार नाही.

दोन वर्षं आपल्याला दुसरा विषय नव्हता. मागच्या दारावरचं जादा चाक राहणार की गाडीच्या पोटाखाली जाणार? खालची लोखंडी चासी ठेवणार की शहरातल्या गाड्यांसारखी हलकी बॉडी देणार? काचेचं छप्पर कशाला, आपल्याला काय तारे मोजायचेत? टीव्हीएवढा स्क्रीन बिघडला तर कणकवलीत तो दुरुस्त कोण करणार? काळजी अशी होती आणि आशाही तेवढीच होती. मागे बसणाऱ्याची कंबर वाचेल, पावसात काच धुरकट होणार नाही, बायको एकदा तरी गाडीतून हसत उतरेल, असं रामदास दर रविवारी म्हणायचा. रामदास घाटकोपरला बँकेत आहे, मुलुंडला राहतो, आणि त्याची बायको त्या गाडीतून आजवर हसत उतरलेली नाही.

मी ग्रुपवर आले ती तुझ्यामुळे, आणि तुझ्याकडे आले ती गाडी शिकायला. बोरिवली पूर्वेचं तुझं मोटर ट्रेनिंग स्कूल म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि बाहेर पिवळी पाटी लावलेली एक छोटी गाडी. मी चाळिशीची शाळामास्तरीण. घरी सगळ्यांनी विचारलं होतं की या वयात गाडी शिकून जाणार कुठे. दुसऱ्याच दिवशी नॅशनल पार्कच्या सिग्नलला माझी गाडी बंद पडली, मागे हॉर्नचा नुसता गदारोळ, आणि मी रडायच्या बेतात. तू शांतपणे दार उघडून उतरलीस, मागच्या गाडीच्या काचेवर टकटक केलंस आणि त्या माणसाला म्हणालीस, "शिकतेय ती. तू काय पोटातून शिकून आलास?" मग परत येऊन बसलीस आणि मला म्हणालीस, घाई नाही, सावकाश चालू कर. सिग्नल दोनदा सुटला. मी तिसऱ्यांदा निघाले. तेव्हापासून मला हॉर्नची भीती वाटलेली नाही.

तुझ्या वर्गातून किती बायका गाडी चालवत बाहेर पडल्या त्याची मोजदाद तू ठेवली नाहीस. पण दहिसरला भाजी आणायला गेले की आठवड्यातून एखादी तरी भेटते आणि सांगते, मला शुभाताईंनी शिकवलं. हे सांगताना त्या पाठ ताठ करतात. मीही करते. तुझी मैत्रीण म्हणून मिरवायला मला फार आवडायचं, हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू आठवडाभर माझी टर उडवली असतीस.

त्यातल्या ज्या तयार व्हायच्या त्यांना तू रविवारी घोडबंदरच्या पुढच्या जुन्या खाणीत न्यायचीस, म्हशीवर बसवायला. मलाही नेलंस. गिअरच्या बाजूला तो दुसरा, आखूड लिव्हर. चढ आला की तो मागे ओढून लो मध्ये टाकायचा, मग गाडी मुंगीच्या चालीने पण काहीही चढते. मी तो हलवायला गेले तर तो जागचा हलेना. तू माझ्या हातावर तुझा हात ठेवलास आणि दोघींनी मिळून ओढला. आत काहीतरी खट्‌कन बसलं. "कळलं?" तू विचारलंस. "दात दातात बसला ना, तो हाताला कळतो. दिव्यावर विश्वास ठेवायचा नाही, हातावर ठेवायचा." तो चढ चढून वर गेल्यावर खाली खाडी दिसली. मी तुला मिठी मारली आणि तू म्हणालीस, हँडब्रेक लाव आधी.

ग्रुपचा नियमही तुझाच. रिकाम्या गाडीबद्दल कुणी मत द्यायचं नाही. गाडी आधी भरून बघायची. सात माणसं, त्यांत एक सत्तरीच्या पुढचं आणि एक लहान पोर हवंच, वर गणपतीला गावी नेतो तेवढं सामान. एवढं भरून चढावर नेली की मगच तोंड उघडायचं. नियम मोडला तर पुढच्या गावाकडच्या फेरीत त्याने मागच्या बाकड्यावर बसायचं, सामानासोबत, दहिसरपासून मालवणपर्यंत.

आणि हा नियम सगळ्यात मोठ्या थाटात मोडलास तो तू.

मी शाळेत पेपर तपासत होते. तुझा फोन आला, रिक्षा कर आणि वरसाव्याच्या पुलाच्या अलीकडे चहाच्या टपरीवर ये, कारण विचारू नकोस. जाऊन बघते तर टपरीबाहेर एक गाडी उभी, अंगभर काळ्यापांढऱ्या नक्षीचा कागद चिकटवलेला. कंपनी चाचणीसाठी फिरवते तसली. आणि तिच्या खालून दोन पाय बाहेर आलेले. चपला ओळखीच्या होत्या. पन्नास उलटलेली बाई, ओढणी कमरेला बांधून, भर हायवेला गाडीखाली उताणी पडून मोबाइलच्या उजेडात काहीतरी शोधत होती. तेवढ्यात चाचणीवाला ड्रायव्हर चहाचा ग्लास घेऊन आला आणि त्याने विचारलं, "मॅडम, क्या हुआ?" तू आतूनच म्हणालीस, "कुछ नही भैया, मेरा कानातला गिरा." बिचारा ग्लास ठेवून तुझ्या शेजारी आडवा झाला आणि शोधायला लागला. तुझे कान जन्मात टोचलेले नव्हते. मला हसू आवरेना म्हणून मी टपरीच्या मागे गेले.

त्या दिवशी संध्याकाळी तू ग्रुपवर टाकलंस, चासी गेली, मी डोळ्यांनी बघितलं. झालं. आपल्याकडे सुतक आलं. लोकांनी नवी घ्यायचा विचार सोडला, रामदासने जुन्यातली शेवटची शिल्लक कुठे मिळते का ते बघायला तीन शोरूम पालथ्या घातल्या. आणि महिन्याभराने कंपनीने गाडीचा खालून काढलेला फोटो दिला. चासी जागेवर होती. तू बघितला होतास तो चाचणीपुरता लावलेला संरक्षक पत्रा.

दुसरं कुणी असतं तर गप्प बसलं असतं. तू त्या रविवारी सगळ्यांसमोर उभी राहिलीस. म्हणालीस, माझं चुकलं, मी रिकाम्या गाडीबद्दल बोलले, तेही खालून. ग्रुपवर आधीच्या दुप्पट मोठ्या अक्षरांत लिहिलंस. रामदासच्या घरी मुलुंडला जाऊन त्याची वेगळी माफी मागितलीस, कारण त्याने धावपळ केली होती. आम्ही म्हटलं, जाऊ दे गं, शिक्षा नको. तू म्हणालीस, नियम माझा आहे. मी आयुष्यात हुशार माणसं पुष्कळ पाहिली, शुभा. आपली चूक इतक्या मोठ्या आवाजात सांगणारं माणूस मी एकच पाहिलं.

मे महिन्यात आपण निघालो. मी चालवत होते, शेजारी तुझी आई, म्हणजे आपल्या दोघींची आये, आणि मागच्या बाकड्यावर तू, तांदळाच्या गोणीला पाय टेकवून. ते बाकडं आडवं, रस्ता दिसत नाही, हाताला धरायला काही नाही. पेणपर्यंत तू गाणी म्हणत होतीस. माणगावला गाणी थांबली. कशेडीला तू खिडकीशी तोंड नेऊन बसलीस आणि चिपळूणनंतर तुझा आवाजच आला नाही. एवढा वेळ गप्प बसलेली शुभा मी तोवर पाहिली नव्हती. कणकवलीला चहाला थांबलो तेव्हा तू खेकड्यासारखी आडवी चालत आलीस आणि आयेसमोर उभी राहिलीस.

"आये, तू चौदा वर्सां हय बसलंस?"

आयेने बशीतला चहा संपवला. "मगे खंय बसतलंय मी?"

खरंच होतं. पुढे आपण दोघी, मध्ये तुझ्या भावाची पोरं नाहीतर ग्रुपमधलं कुणी, आणि आये कायम मागे. तिने कधी तक्रार केली नाही आणि आपण कधी विचारलं नाही. गाडी भरून बघायचा नियम करणाऱ्या तुला, भरल्या गाडीत सगळ्यात मागे कोण बसतं ते चौदा वर्षं दिसलं नव्हतं. तू त्या दिवशी मालवणपर्यंत परत मागेच बसलीस. शिक्षा म्हणून नव्हे. आये पुढे बसली होती आणि तिला समोरचा रस्ता बघताना तुला बघायचं होतं.

त्यानंतर तू कंपनीला पत्रं लिहायला लागलीस. दर महिन्याला एक. विषय एकच, मागची सीट. व्याकरण माझ्याकडून तपासून घ्यायचीस आणि मग मी काढलेल्या शिव्या परत घालायचीस.

आता ते भांडण. ते सांगितल्याशिवाय कालचा दिवस सांगता येणार नाही.

बातमी आली की जर्सीत लिव्हर नसणार. त्याऐवजी एक गोल बटण, फिरवलं की झालं. मग कळलं की अजून पक्कं नाही, कंपनीने दोन्ही प्रकार तयार ठेवलेत आणि जुन्या मालकांना गाडी चालवायला देऊन त्यांचं एक मत विचारणार आहेत. ग्रुपने ठरवलं की ते मत तू सांगायचंस. त्यात चर्चा करण्यासारखं काही नव्हतं. पण त्या रविवारी तुझ्या स्कूलमध्ये चहा पिताना मी म्हटलं की मला बटण चालेल. माझा डावा खांदा गेलं वर्षभर धरलेला, तुला माहीत होतं. तू म्हणालीस, खांद्याला व्यायाम दे, गाडीला कशाला नावं ठेवतेस. बटण तुटलं, वायर उंदराने खाल्ली, तर चढावर काय आरती करायची? मी म्हटलं, लिव्हरही अडकतो. तू म्हणालीस, अडकला तर हाताला कळतं. तिथवर नेहमीचंच होतं. मग मी सुनंदाचं नाव काढलं.

सुनंदा तुझ्याकडे चारकोपहून यायची. बारीक अंगाची, हुशार. खाणीत तिला लिव्हर हलला नाही. तू तिच्या हातावर हात ठेवला नाहीस, तिला म्हणालीस, ताकद लाव. तिने चारदा लावली, मग उतरली आणि परत कधी आली नाही. तशा आणखीही होत्या. मी तुला म्हटलं, "तुझ्या लिव्हरने जेवढ्या बायका शिकल्या ना, त्याहून जास्त पळाल्या."

तू ग्लास ठेवलास, चावी उचललीस, बाहेर कुणीतरी शिकायला थांबली आहे म्हणालीस आणि गेलीस. मग नऊ दिवस तुझा फोन नाही, ग्रुपवर एक अक्षर नाही. मीही केला नाही. मला वाटलं, चिडलीय, येईल. दहाव्या दिवशी सकाळी आयेचा फोन आला. चहा गॅसवर ठेवला होतास आणि खुर्चीत बसलीस ती बसलीसच.

शुभा, हा महिनाभर माझ्या मनात एकच होतं. मी तुला दुखावलं आणि तू दुखावलेलीच गेलीस. जी बाई नॅशनल पार्कच्या सिग्नलला माझ्यासाठी अख्ख्या रस्त्याशी भांडली तिला मी तिच्याच वर्गात बसून नापास केलं. मत सांगायचं काम ग्रुपने माझ्यावर टाकलं तेव्हा मी ठरवून टाकलं की मी लिव्हर म्हणणार. तुझं मत तुझ्या वतीने सांगायचं, माझं गिळायचं. तेवढंच माझ्या हातात होतं. काल सकाळी दहिसरहून आयेला घेऊन निघाले तेव्हा तिलाही सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

कंपनीकडून पुण्याच्या एक इंजिनिअर बाई आल्या होत्या. अतिशय सभ्य. "आपण आधी एक फेरी मारून बघणार का?" असं त्यांनी विचारलं, तर रामदास त्यांना म्हणाला, मॅडम, तसं चालत नाही, आधी भरायची. त्यांना वाटलं डिझेल. मग रामदासचं चौघांचं कुटुंब, त्यात त्याची सहा वर्षांची मुलगी, मग आये, मी आणि त्या बाई स्वतः, आणि वरून तांदळाच्या दोन गोण्या, एक ट्रंक आणि वळकटी. बाई वळकटीकडे बघत राहिल्या. पण बसल्या.

आये मागच्या सीटवर चढली. समोर तोंड असलेली सीट, बाजूला उघडणारी खिडकी, दारापाशी धरायला मूठ. आये मुठीला धरून एका दमात आत गेली. त्या इंजिनिअर बाई मला हळूच म्हणाल्या, "मागच्या सीटबद्दल मुंबईच्या एका बाईंची पत्रं यायची. आमच्या विभागात भिंतीवर लावली आहेत. फार स्पष्ट लिहायच्या." मी विचारलं, या सीट त्यामुळे बदलल्या का. त्या प्रामाणिक होत्या, म्हणाल्या, कारणं बरीच असतात. असू देत. मी ग्रुपला सांगितलं की तुझ्यामुळेच बदलल्या, आणि हे मी मरेपर्यंत सांगणार आहे. रामदासच्या डोळ्यांत पाणी आलं. मला फार अभिमान वाटला, आणि तुला तर ठाऊक आहे, मी डोळ्यांतून पाणी काढणारी बाई नाही. काल काढलं.

आधी लिव्हरवाली चालवली. कंपनीने लिव्हर तोच ठेवलाय, तेवढाच घट्ट. चढाच्या पायथ्याशी मी तो ओढला तर खांद्यातून कळ डोक्यापर्यंत गेली. दात दातात बसला तो मात्र कळला. म्हैस होती ती, कपडे बदललेली. मग बटणवाली. दोन बोटांनी बटण फिरवलं, दिवा लागला, आणि सात माणसं नि दोन गोण्या घेऊन ती गुमान वर गेली. हाताला काही म्हणजे काही कळलं नाही. पण खांदाही दुखला नाही.

वर सगळे उतरून खाडी बघत उभे होते. मी खांदा चोळत होते. आये जवळ आली.

"दुखता?"

मी हो म्हटलं.

"मगे लिव्हर कित्याक म्हणतलंस?"

मी म्हटलं, शुभासाठी. मी तिला फार लागेल असं बोलले होते, आये. ती माझ्याशी बोललीच नाही नंतर.

मग आयेने सांगितलं. नऊ दिवस रोज जेवताना तू तिला समोर बसवायचीस आणि म्हणायचीस, आये, तू ज्योती हो. मग तू तिच्याशी माझ्याशी भांडल्यासारखी भांडायचीस. ती ज्योती म्हणून काहीतरी बोलायची, तू ते खोडून काढायचीस, मग समाधान व्हायचं नाही, पुन्हा पहिल्यापासून. भात थंड व्हायचा. सुनंदाला फोन करून तू तिची विचारपूसही केली होतीस. मला फोन का केला नाहीस तर उत्तर तयार झालं नव्हतं. नवव्या दिवशी रात्री झालं. त्या दिवशी तू दोनदा भात घेतलास. ते उत्तर आयेला पाठ होतं, ज्योती म्हणून तिनेच ते ऐकलं होतं.

"लिव्हर घट आसा तर तो हलको करा म्हणान सांग. बायकांका हलवूक येणा नाय म्हणान काडून टाकू नको."

मी तिथे दगडावर बसले. म्हणजे तू दुखावली नव्हतीस. तू तयारी करत होतीस. माझं म्हणणं तू मनावर घेतलंस, सुनंदाला फोन केलास आणि तरीही हार मानली नाहीस. इतकं हलकं मला महिन्यात वाटलं नव्हतं. आणि त्याच क्षणी हेही कळलं की तुझ्यासाठी माझं मत गिळून खोटं बोलले असते तर तू मला कधी माफ केलं नसतंस.

इंजिनिअर बाई वही घेऊन आल्या. सगळे म्हैसवाले माझ्याकडे बघत होते आणि मी काय बोलणार ते त्यांना माहीत होतं. मी म्हटलं, माझं मत बटण. रामदासने मान वळवली. मागून कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, शुभाताई गेल्या आणि लगेच. मी थांबले नाही. म्हटलं, कारण लिहून घ्या, माझा खांदा, आणि माझ्यासारख्या बायका, ज्या चढाच्या पायथ्याहून परत गेल्या. आता दुसरं मत लिहा. शुभाचं. लिव्हर ठेवा, पण तो इतका हलका करा की कुणीही बाई एका हाताने ओढेल. लिव्हर घट्ट असेल तर तो दोष लिव्हरचा आहे, बाईचा नाही.

बाईंनी दोन्ही लिहून घेतलं. मग विचारलं, ग्रुपचं एकच मत द्यायचं होतं ना? मी म्हटलं, आमच्यात एकमत कधीच नव्हतं, खोटं कशाला लिहायचं. रामदासने वळवलेली मान परत आणली आणि म्हणाला, मॅडम, माझं नाव दुसऱ्या मताखाली टाका. मग बाकीचेही बोलायला लागले. निम्मे तुझ्याकडे गेले, काही माझ्याकडे, आणि रामदासची बायको माझ्याकडे. ती गाडीतून हसत उतरली होती. अर्धा तास मैदानावर जोरात वाद चालला. कंपनी काय करेल ते कंपनीला ठाऊक. पण एवढं भांडण आपल्यात तू गेल्यापासून झालं नव्हतं, आणि मला ते फार बरं वाटलं.

आयेला घरी सोडून मी निघाले आणि दहिसर नदीच्या पुलावर मला उत्तर सुचलं. तुझ्या उत्तराला उत्तर. बिनतोड आहे, शुभा. तू दोन मिनिटं गप्प बसली असतीस. मी गाडी कडेला घेतली, फोन काढला आणि तुला लावला. लावताना काही वाटलंच नाही, बोट आपोआप गेलं. रिंग वाजायला लागल्यावर लक्षात आलं. बंद करणार तेवढ्यात फोन उचलला गेला. तुझा फोन आये चार्ज करून ठेवते.

मला रडू फुटलं. पलीकडून आयेने रडण्यावरूनच मला ओळखलं. मग तिने विचारलं, "उत्तर गावला काय गो?"

मी कसंबसं हो म्हटलं.

"मगे सांग. भांडूक आता मी आसंय."

मी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून, मुद्द्याला मुद्दा. पुलावरून गाड्या जात होत्या आणि मी काच वर करून मोठ्याने बोलत होते. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. सगळं नीट ऐकून घेतलं, आणि बाजू तुझीच घेतली.